परिक्रमेस कोणी जावे ?

चातुर्मास सरत आला. कार्तिक शुद्ध एकादशीस देव उठतील, आणि त्यानंतर ओंकारेश्वरच्या दक्षिण तटावर, गोमुख घाटाच्या आसपास, पांढरी वस्त्रे नेसलेली, खांद्यास झोळी व हाती दंड घेतलेली माणसे कन्यापूजन करून संकल्प सोडताना दिसू लागतील. दरवर्षी या सुमारास प्रवचन संपून प्रसाद वाटला गेला की कोणी ना कोणी सभामंडपाच्या खांबापाशी रेंगाळतो आणि मंडळी पांगल्यावर हळूच विचारतो, "बुवा, परिक्रमेस जावे म्हणतो. आपले काय मत ?" यंदा तिघांनी विचारले. खांबापाशी दिलेली उत्तरे अपुरीच राहतात, म्हणून हा प्रपंच.

आम्हा इंदूरकरांस नर्मदा अपरिचित नाही. किंबहुना ती आमच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे नदीपण आम्ही विसरून गेलो आहो. १९७८ सालापासून जलूद येथे उपसलेले तिचे पाणी विंध्याचा चढ चढून आमच्या नळास येते. त्या पाण्याने आम्ही देव न्हाऊ घालतो, तसेच मोटारीही धुतो. आणि एखादे दिवशी नळ आला नाही तर तिच्याच नावाने बोटे मोडतो. जी आई रोज डोंगर चढून आपल्या घरी येते तिच्या घरी आपण एकदा पायी जावे, एवढीच खरे पाहता परिक्रमेच्या इच्छेची मूळ वाट आहे. इतर फळे ज्यांस हवी त्यांनी ती रेवाखंडात वाचावी. तेथे त्यांची वाण नाही.

प्रदक्षिणा आपण देवाला घालतो, तुळशीला घालतो, पिंपळाला घालतो. संपूर्ण नदीला, उगमापासून सागरापर्यंत, पायी प्रदक्षिणा घालण्याचा प्रघात एवढा दृढ रुजला तो नर्मदेच्याच काठी. अमरकंटकास मेकल पर्वतावर उगम पावून, विंध्य आणि सातपुडा यांच्यामधून पश्चिमेस १३१२ किलोमीटर वाहत जाऊन ती भडोचपलीकडे खंबातच्या आखातात मिळते. दोन्ही तट मिळून अडीच हजारांच्या वर किलोमीटर होतात आणि आडवाटा, वळसे धरले तर चाल त्याहून पुष्कळच वाढते. नियम मोजके, पण कडक. नदी सदैव उजव्या हातास ठेवावयाची. तिचे पात्र कोठेही ओलांडावयाचे नाही. फक्त रेवासागर संगमी, दक्षिण तटावरील विमलेश्वरापासून उत्तर तटावरील मिठी तलाईपर्यंत, समुद्रातून नावेने जावयाचे, कारण तेथे नदी उरलेली नसते. सोबत कुपीभर नर्मदाजल घ्यावयाचे आणि त्याची रोज पूजा करावयाची. चातुर्मासात एका जागी मुक्काम करावयाचा. संग्रह करावयाचा नाही. परंपरेने सांगितलेली मुदत तीन वर्षे, तीन महिने व तेरा दिवसांची आहे. आज बहुतेक पायी चालणारे चार ते सहा महिन्यांत परिक्रमा पुरी करतात.

ओंकारेश्वराहून निघणाऱ्याची एक गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. ज्योतिर्लिंग मांधाता बेटावर, नर्मदेच्या मधोमध. संकल्प सोडल्यावर पूल समोर दिसत असूनही तो ओलांडता येत नाही. कळस दिसतो, घंटा ऐकू येते, आणि देवाकडे पाठ करून पश्चिमेची वाट धरावी लागते. सगळे वर्तुळ पुरे करून, अमरकंटकाला वळसा घालून परत आल्यावरच कुपीतले जल ओंकारेश्वरास वाहावयाचे. देवाच्या दारातून, दर्शन न घेता, त्याच देवाच्या दर्शनास निघणे हे ज्याला पटत नाही त्याने घरून निघूच नये.

आपल्या पंढरीच्या वारीशी या यात्रेची तुलना लोक नेहमी करतात. ती करताना भेद लक्षात ठेवला पाहिजे. वारीत लाखोंचा मेळा असतो. दिंडी असते, विणेकरी असतो, पुढचा मुक्काम ठरलेला असतो. पाय थकले तर टाळांचा नाद माणसास पुढे ओढून नेतो. परिक्रमेत हे काही नाही. सकाळी एखादा सोबती मिळाला तर दुपारपर्यंत तो पुढे निघून जातो वा आपणच पुढे जातो. निमाडातल्या कापसाच्या आणि मिरचीच्या शेतांच्या बांधावरून तासन् तास चालावे आणि "नर्मदे हर" म्हणणारा एखादा गुराखी भेटावा, इतकाच काय तो सत्संग. वारीत माणूस समुदायात विरघळतो. परिक्रमेत तो स्वतःच्या हाती सापडतो, आणि स्वतःच्या हाती सापडण्याची सवय आपल्यापैकी फार थोड्यांना असते. पहिले आठ-दहा दिवस पायांचे फोड त्रास देतात. ते बरे झाले की मन बोलू लागते. तेव्हा खरा त्रास सुरू होतो.

मग तेथे चालते कोण ? साधुसंन्यासी तर आहेतच. सुगी आटोपून निघालेले माळव्यातले, निमाडातले शेतकरी आहेत. ते बोलत नाहीत, चालतात. नवराबायकोची जोडपी आहेत. मुलांची लग्ने उरकून मोकळ्या झालेल्या, कधी एकटे बाहेर न पडलेल्या, आणि आता दोघीतिघींच्या सोबतीने निघालेल्या विधवा भगिनी आहेत. त्यांना वाटेवर सगळे "माताराम" म्हणतात आणि त्यांची बूज फार राखतात. अलीकडे नोकरी सोडून आलेले तरुणही दिसतात. आणि मराठी माणसे तर फारच. कोठल्याही आश्रमाच्या पडवीत संध्याकाळी पथारी टाका, पुणे-नाशिककडची बोली कानी पडलीच म्हणून समजा. याचे श्रेय गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथे'ला आणि जगन्नाथ कुंटे यांच्या 'नर्मदे हर हर' या पुस्तकाला द्यावयास हवे. मात्र पुस्तके वाचून निघालेल्यांविषयी एक सांगितले पाहिजे. त्यांतले काही जण चमत्कारांची यादी मनात घेऊन निघतात : अमक्या ठिकाणी मैया बालिकेच्या रूपाने भेटते, शूलपाणीच्या झाडीत अश्वत्थामा दिसतो, आणि आपल्याला अजून कसे कोणी भेटले नाही ! वाटेत पाणी देणाऱ्या पोरीकडे ही मंडळी इतक्या संशयाने पाहतात की ती बिचारी घाबरून पळते. अश्वत्थामा भेटो न भेटो, ज्याच्या कपाळावरची जखम भरत नाही असा एखादा माणूस त्या वाटेवर रोज भेटतो, हे आम्ही अनुभवाने सांगतो. कोणाचा मुलगा गेलेला असतो, कोणाचे भावाशी वीस वर्षे बोलणे नसते. तो सांगेल तेव्हा ऐकावे. न सांगेल तर विचारू नये.

आता काय अपेक्षा ठेवावी ते सांगतो. पहाटे उठून थंड पाण्याचे स्नान, तेही साबणाशिवाय. कुपीची पूजा, आरती, मग चाल. दुपारी ज्या गावी पोहोचाल तेथे आश्रमात सदाव्रत मिळेल, म्हणजे पीठ, डाळ, मीठमिरची; ते आपण शिजवावयाचे. कोठे तयार भोजन मिळेल, कोठे नुसता चहा. निजावयास कोठे धर्मशाळा, कोठे शाळेची ओसरी, कोठे देवळाचा कट्टा. प्रस्थानाच्या वेळी मिळालेले परिक्रमावासी असल्याचे पत्र व ठिकठिकाणी शिक्के घ्यावयाची वही जवळ असावी. अनोळखी गावी तिचा उपयोग होतो. ओझे जितके कमी तितके बरे. पहिल्या आठवड्यातच बहुतेक जण निम्मे सामान वाटून टाकतात, तेव्हा ते घरीच ठेवलेले काय वाईट ? विमलेश्वरास नाव भरतीच्या वेळी सुटते, तुमच्या सोयीने नव्हे. प्रसंगी थांबावे लागते, आणि नावेपर्यंत चिखल तुडवीत जावे लागते. गुडघे, हृदय वा साखर यांची तक्रार असेल त्यांनी वैद्याला विचारून मगच संकल्प करावा. संकल्प मोडण्यापेक्षा न केलेला बरा. ज्यांना चालणे शक्य नाही त्यांच्यासाठी बसने परिक्रमा घडविणाऱ्या संस्था आहेत. बसने जाणाऱ्यास पायी चालणाऱ्याने हसू नये. आम्ही असे हसणारे पाहिले आहेत. त्यांचे पाय पुष्कळ चालले होते, एवढेच म्हणतो.

रोज किती किलोमीटर झाले याचा हिशेब सांगणारेही भेटतात. पूर्वी ही मंडळी घरी व्याजाचा हिशेब करीत असावीत.

एक गोष्ट लिहावयाची नाही असे मनात होते, पण तिच्यावाचून पुढचे सांगता येणार नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही दक्षिण तटाने चालत होतो. बडवानी मागे टाकून शूलपाणीच्या झाडीत शिरलो होतो. जुन्या काळी या झाडीची ख्याती अशी की भिल्ल मंडळी परिक्रमावासीयास लुटीत, अंगावर लंगोटी तेवढी ठेवीत. आणि मैयाच आपल्या लेकराचा संग्रह काढून घेते असे म्हणून यात्रेकरू ते सोसत. आता लूट नाही. उलट त्याच पाड्यांवर आज परिक्रमावासीयास हाक मारून जेवू घालतात. आम्ही एका डोंगरउतारावरच्या झोपडीत रात्री उतरलो. घरात नवराबायको आणि दोन मुले. बाईने मक्याच्या भाकरी थापल्या, वर मिरचीची चटणी घातली, आणि "बाबाजी, आणखी घ्या" म्हणून आग्रह केला. आम्ही चार भाकरी खाल्ल्या. झोळीच्या तळाशी आमचा सुका मेवा होता. इंदुरातल्या एका स्नेह्याने निघताना दिलेला, बदाम आणि खारका, शेरभर तरी असावा. तो आम्ही काढला नाही. पुढे वाट कठीण आहे, लागेल, असा विचार केला. पहाटे जाग आली तेव्हा धाकटे मूल भूक भूक करीत होते आणि आई त्याला पाण्याचा पेला देत होती. पिठाचा डबा पालथा पडलेला होता.

त्या क्षणी आम्ही झोळी उपडी केली. बाईने मेवा घेतला नाही. परिक्रमावासीयाकडून घ्यावयाचे नसते, त्याला द्यावयाचे असते, असे तिचे म्हणणे. पुष्कळ विनवल्यावर मूठभर खारका मुलाच्या हाती ठेवू दिल्या. नंतर आम्ही अनेक प्रवचने केली, अपरिग्रहावरही केली. पण तो शब्द उच्चारताना ती खारकांची पिशवी डोळ्यांपुढे आल्याशिवाय राहत नाही. झाडीत पूर्वी लुटणारे कोण होते ते सगळ्यांस ठाऊक आहे. त्या रात्री कोणी कोणास लुटले, याचा निवाडा वाचकांनी करावा.

आणि हे देणारे हात कोणाचे, तेही पाहिले पाहिजे. महाराष्ट्राच्या नंदुरबार जिल्ह्याला नर्मदेचा सुमारे ५४ किलोमीटरचा किनारा लाभला आहे. सरदार सरोवराच्या पाण्याने तेथील ३३ गावे बाधित झाली. मध्यप्रदेशात याहून कितीतरी अधिक गावे बुडाली. इंदिरासागरापायी २००४ साली हरसूद हे गाव नव्हे, शहरच उठले. धरणाचे पाणी आमच्याही शेतांना, घरांना, दिव्यांना मिळते, तेव्हा त्याविषयी आम्ही वरच्या स्वरात बोलू नये हेच बरे. परंतु परिक्रमेस जाणाऱ्याने एवढे जाणून जावे की जुन्या ग्रंथांतली वाट आता पुष्कळ ठिकाणी पाण्याखाली आहे. शूलपाणेश्वराचे जुने मंदिर बुडाले, नवे गोरा येथे उभारले आहे. सरदार सरोवराचा फुगवटा दोनशे किलोमीटरांहून लांब आहे. २०१७ साली धरण पूर्णत्वास गेल्यावर तटाची पायवाट उरलीच नाही. म्हणून वाट आता धडगावच्या डोंगरांवरून वर वर जाते आणि कित्येक दिवस नदीचे दर्शन होत नाही.

नव्या परिक्रमावासीयाचा धीर येथे सुटतो. ज्या नर्मदेच्या नुसत्या दर्शनाने पाप जाते असे शास्त्र सांगते, तिचे दर्शनच नाही, तर ही कसली परिक्रमा ? आम्हीही असेच विचारले होते, एका वृद्ध साधूला. तो म्हणाला, उजवा हात कोणता ते ठाऊक आहे ना ? मग ती तिकडे आहे. दिसते म्हणून उजवीकडे ठेवणे सोपे आहे, बाबा. आम्ही त्या दिवशी दिवसभर डोंगर चढलो-उतरलो. प्रत्येक वळणावर, आता नदी कोणत्या अंगाला, हे मनाशी ठरवावे लागे. तटाने चालताना ज्या गोष्टीचा विचारही आला नव्हता ती आता क्षणाक्षणाला करावी लागत होती. नामस्मरणाविषयी आम्ही व्यासपीठावरून जे बोलत आलो होतो ते त्या चढणीवर प्रथम थोडेसे कळले.

देणाऱ्यांचे हे ऋण फेडण्याचा मार्ग प्रत्येकाने आपापला शोधावा. नाशिकच्या भारती ठाकूर यांनी परिक्रमा केली आणि पुढे निमाडातच राहून लेपा येथे खेड्यांतल्या मुलांच्या शिक्षणाचे काम उभारले. सर्वांस हे जमणार नाही. पण परत आल्यावर सत्कार करून घेऊन, फोटो लावून, मोकळे होणे यात काही तरी उणे राहते. कोकणातल्या माणगावी १८५४ साली जन्मलेले श्रीवासुदेवानंद सरस्वती टेंबेस्वामी आयुष्यभर पायी हिंडले आणि १९१४ साली नर्मदातटी गरुडेश्वरास समाधिस्थ झाले. तेथे कोणी माथा टेकावयास गेला तर आपण त्या वाटेवरून काय आणले यापेक्षा तेथे काय ठेवून आलो, हा विचार मनात येतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. यंदाच्या तीन विचारणाऱ्यांपैकी दोघांस आम्ही अवश्य जा म्हणून सांगितले. तिसरे गृहस्थ निवृत्त शिक्षक. संस्थेच्या वाचनालयाचे काम ते बारा वर्षे पाहत आहेत. प्रकृती उत्तम, पायी चालण्याचा सराव, श्रद्धा दृढ. अडचण एकच. घरी पत्नी संधिवाताने जवळजवळ जागेवर बसलेली, मुलगा परगावी. त्यांना आम्ही तेथल्या तेथे पुंडलिकाचे आख्यान ऐकविले. आईबापांची सेवा सोडून पुंडलिक उठला नाही, देवाला विटेवर उभे राहावे लागले. तुमची वीट घरातच आहे, असे आम्ही म्हटले. ते काही न बोलता नमस्कार करून गेले. आम्हांला आमचे उत्तर फार नेमके वाटले होते.

चार दिवसांनी त्यांच्या घरी जाण्याचा योग आला. वहिनींनी खुर्चीतूनच चहा करविला आणि गृहस्थ बाजारात गेलेले पाहून आम्हांस म्हणाल्या, "भाऊजी, पुंडलिकाने आईबापांना विचारले असेल ना, राहू का जाऊ म्हणून ? मला तर कोणी विचारलेच नाही. ह्यांनीही नाही, तुम्हीही नाही."

आम्ही निरुत्तर झालो. त्या पुढे म्हणाल्या, "हे तीन वर्षे रोज पहाटे उठून अंगणात फेऱ्या घालतात. मी खिडकीतून बघते. शरीराने येथे आणि मनाने तिकडे. माझ्यामुळे राहिले असे म्हणून जन्मभर माझ्याकडे बघणार, ते मला नको. आणि मी अगदी एकटी पडेन तेही मला नको. मध्ये काही आहे का, ते तुम्ही शास्त्रात बघून सांगा."

शास्त्रात बघण्याची गरज पडली नाही, व्यवहारात आहे. खंड परिक्रमा करणारे पुष्कळ आहेत. एक टप्पा चालून घरी यावे, जेथे सोडली तेथूनच पुन्हा वाट धरावी. जबलपूरचे चित्रकार व लेखक अमृतलाल वेगड यांनी अशीच तुकड्यातुकड्यांनी, १९७७ सालापासून, वर्षानुवर्षे पदयात्रा केली. नर्मदेचे जितके दर्शन त्यांनी घेतले तितके सलग धावणाऱ्यांपैकी थोड्यांनी घेतले असेल. गृहस्थ परत आल्यावर आम्ही तिघे बसलो. पुंडलिकाचे आख्यान आम्ही त्यांच्या घरी, त्यांच्या पत्नीदेखत, परत घेतले. ठरले ते असे : देवउठनी एकादशीनंतर त्यांनी निघावे, मकरसंक्रांतीच्या आत परतावे, आणि रोज संध्याकाळी मोबाईलवरून घरी बोलावे. मोबाईल जवळ ठेवणे परिक्रमेच्या वृत्तीस बाधक आहे असे काही जण म्हणतात. त्यांनी वहिनींना येऊन तसे सांगावे.

राहिला प्रश्न त्या दोन महिन्यांचा. सकाळचे दूध, औषधे आणि मंगळवार-शनिवारची भाजी एवढेच आणून द्यावयाचे आहे. स्वयंपाकास बाई आहे. रात्री सोबतीस कोणी भगिनी राहिल्या तर उत्तम. पाळीचा तक्ता वाचनालयाच्या दारावर लावला आहे. त्यात पहिल्या आठवड्याची नावे भरली आहेत. पहिल्या सोमवारी आमचे आहे.